एकच प्रत

"बघून झालं की सांग, दादा," म्हणत धाकटीने आपली खुर्ची त्याच्या टेबलाशी ओढली.

तिने प्रोग्रॅममध्ये केलेले बदल तो ओळीओळीने वाचत होता. सलाइनचा वेग सांभाळणारं ते छोटं यंत्र मूळ त्याचं. त्यातल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात त्याने लायब्ररीची, म्हणजे सगळ्यांनाच लागणाऱ्या तयार कोडची, स्वतंत्र प्रत बांधून दिली होती. कुणाचं कुणावाचून अडायला नको. पण यंत्राच्या मेमरीत नव्या अलार्मला जागा उरेना, तेव्हा धाकटीने सगळ्यांत मिळून एकच प्रत ठेवली. वेगळ्या चुली मोडून एक स्वयंपाकघर केलं म्हणा ना. निम्मी जागा मोकळी झाली आणि साहेब तिचे गोडवे गात फिरू लागले. पुढचं यंत्र तिच्याच हाती सोपवायचं त्यांच्या मनात होतं. घरी आईचंही तेच पालुपद. ज्या बहिणीला कीबोर्डवर बोटं कशी ठेवायची इथपासून त्याने शिकवलं, तिचं कौतुक ऐकून त्याचा नुसता जळफळाट होत होता.

मग त्याला दिसलं. ती एकुलती एक प्रत यंत्रावर बसवायची ओळच तिने लिहिली नव्हती. तिच्या कॉम्प्युटरवर लायब्ररी होती, म्हणून बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणं, बिनबोभाट पार पडलं होतं. यंत्रावर मात्र एकही प्रोग्रॅम सुरू होणार नव्हता.

"ठीक आहे ना?"

"ठीक आहे," तो म्हणाला.

दुपारी हॉस्पिटलच्या पाहुण्यांसमोर साहेबांनी बटण दाबलं. स्क्रीन काळीच राहिली. धाकटीने वायर काढून पुन्हा लावली, दुसरं यंत्र आणलं, तेही मुकं. तिची त्रेधातिरपीट बघून त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगला गारवा वाटला.

"आता?" साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"सरक," तो धाकटीला म्हणाला. तिच्या खुर्चीत बसून त्याने फाइल उघडली, थेट खाली गेला आणि एक ओळ टाकली. नवं बिल्ड यंत्रावर चढलं, स्क्रीन उजळली.

"याला म्हणतात अनुभव," साहेब पाहुण्यांना म्हणाले. "पुढच्या यंत्रावरही हाच हवा."

पाहुणे चहाला गेले. धाकटी अजून त्या ओळीकडेच बघत होती.

"झालं ना आता? चल," तो म्हणाला.

"यंत्र अडलं की आधी लॉग वाचायचा, काय बिघडलं त्याची नोंद त्यातच असते, हे तूच शिकवलंयस ना मला?"

"मग?"

"मघाशी तू तो उघडलाच नाहीस, दादा."