डब्यातल्या एकशे चाळीस नोंदी

अकोल्याच्या जठारपेठेत उत्तमरावांची टायपिंग इन्स्टिट्यूट बत्तीस वर्षं चालली आणि मग जशा सगळ्या बंद पडल्या तशीच बंद पडली. मशीनं भंगारात गेली. बोटं मात्र शाबूत राहिली, आणि दोन नियमही. एक, कागदावर आहे ते जसंच्या तसं उतरवायचं, मध्ये आपली अक्कल चालवायची नाही. दोन, काम संपलं की मशीन पुसून झाकून ठेवायचं. यातला पहिला नियम त्यांना पहिल्याच दिवशी नडला आणि दुसरा चौथ्या.

त्याचं असं झालं. माळी समाजाचा उपवर-उपवधू परिचय मेळावा रविवारी अमरावतीला भरणार होता. दरवर्षी त्याचं पुस्तक निघतं. गेल्या वर्षी प्रेसवाल्यानं एकीचं शिक्षण दुसरीच्या नावापुढे छापलं आणि भर मंडपात दोन सोयऱ्यांची जुंपली. म्हणून मंडळाचे सचिव खुशालराव या वेळी नोंदींचं काम घेऊन उत्तमरावांकडे आले.

"तुमच्या हातून चूक होत नाही म्हनते लोकं," ते म्हणाले. "पाहू. जमलं त दरसाल तुमच्याचकडे. नाही त प्रेसवाला आहेच."

चार वर्षं रिकामे बसलेले उत्तमराव या कामासाठी आसुसले होते. घरात बसून पेपरातल्या चुका काढण्यात माणसाचं किती मन रमणार?

त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी मोनाली अमरावतीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. नोंदींसाठी तिनं छोटा प्रोग्राम लिहिला आणि सुटीच्या दिवशी अकोल्याला येऊन तो उत्तमरावांच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवला. बसवला म्हणजे कंटेनरमध्ये घालून दिला.

"मोठे बाबा, हा डबा समजा," ती म्हणाली. "पोळी, भाजी, लोणचं, सगळं आतच. ज्या कॉम्प्युटरवर उघडाल तिथं जेवता येते. वेगळं काही मांडावं लागत नाही."

सरावासाठी तिनं दोन-तीन फालतू कंटेनर चालवून दाखवले, मग ते stop नं थांबवले, rm नं काढून टाकले. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, माउसचं नाव नाही. उत्तमरावांना ते फार आवडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कॉम्प्युटर त्यांच्याशी बोटांच्या भाषेत बोलत होता.

सोमवारी सकाळी मोनालीनं व्हॉट्सॲपवर पाठवलेली ओळ त्यांनी टाइप केली. कॉम्प्युटर म्हणाला, अशी आज्ञा सापडत नाही. पुन्हा केली. पुन्हा तेच. पाच वेळा झाल्यावर त्यांनी फोन लावला.

"तुमी सुरुवातीचं डॉलरचं चिन्हही टाइप करून राहिले का?" मोनालीनं विचारलं.

"तू लिहिलं आहे त करीनच ना!"

"अहो, ते फक्त इथून आज्ञा सुरू होते एवढं दाखवासाठी असते."

"मंग लिहायचं कायले?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, डॉलर गाळला, आणि नोंदणीचं पान झटक्यात उघडलं.

चार दिवसांत एकशे चाळीस नोंदी झाल्या. एकशे सत्तावीस कागदी फॉर्मवरून, आणि तेरा फोनवरून. धारणी, पातूरकडच्या ज्या लोकांचे फॉर्म पोचले नव्हते, त्यांनी फोनवर माहिती सांगितली आणि उत्तमरावांनी ती ऐकता ऐकता थेट टाइप केली. कागदावर आधी लिहून घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते नवशिक्यांचं काम.

गुरुवारी संध्याकाळी शेवटची नोंद झाली. पडद्यावर कंटेनर अजून चालूच होता. जेवण झाल्यावर खरकटा डबा तसाच ठेवायचा? त्यांनी आधी stop दिलं, मग rm दिलं, आणि कीबोर्डवर रुमाल पसरला. अगदी समाधानानं.

शुक्रवारी सकाळी खुशालरावांनी यादी मागितली. उत्तमरावांनी तीच ओळ पुन्हा चालवली. पान उघडलं. एकूण नोंदी, शून्य.

 त्यांनी लगेच मोनालीला फोन लावून सगळं सांगितलं.

"थांबवला असता त नोंदी राहिल्या असत्या, मोठे बाबा. तुमी कंटेनरच काढून टाकला. नोंदी त्याच्या आत होत्या, त्या त्याच्यासंगंच गेल्या. आता नवा सुरू झाला, तो कोराच राहीन." मग ती म्हणाली, "चूक माही आहे. नोंदी बाहेरच्या फोल्डरात ठेवाले पाहिजे होत्या. मी घाई केली."

तिनं नवी ओळ पाठवली. तिच्यात आता कंटेनरबाहेरच्या फोल्डरचं नाव जोडलेलं होतं, म्हणजे कंटेनर गेला तरी नोंदी राहतील. डॉलर या वेळी तिनं आठवणीनं काढला होता.

पुस्तक शनिवारी संध्याकाळी प्रेसला जायचं होतं. एकशे सत्तावीस फॉर्म उत्तमरावांनी शुक्रवारच्या एका दिवसात पुन्हा उतरवले, ते काही अवघड नव्हतं. अवघड होते ते तेरा. शनिवारी सकाळी मोबाइलमधले आलेले फोन शोधून ते एकेकाला लावत बसले आणि बारा जणांपुढे ओशाळले.

तेरावा फोन पातूरजवळच्या धर्मेंद्रचा होता. त्यानं बहिणीची माहिती दिली होती. फोन एका बाईनं उचलला.

"दादा फोन चार्जिंगले लावून वावरात गेला. मी प्रतीक्षा बोलून राहिली."

"मी अकोल्यावरून उत्तमराव. मेळाव्याच्या पुस्तकासाठी धर्मेंद्रनं तुमची माहिती सांगितली होती. ते माह्या हातून पुसल्या गेली. परत सांगता का?"



"माही माहिती?" ती म्हणाली. "मले त कोनी इचारलंच नाही. काका, एकडाव लग्न करून पाहिलं. सात वर्षं झाली सोडून आली त्याले. आता शेवंती लावतो, गाडी भरून अकोल्याले पाठवतो, सुखात आहो. पुसल्या गेलं ना? मंग राहू द्या तसंच."

"धर्मेंद्रनं इचारलं त?"

"त्याले सांगसान त घरात तमाशा होईन," ती म्हणाली, आणि मग हळूच, "तुमीच पाहा, काका."

उत्तमरावांनी पडद्यावरचा आकडा पाहिला. एकशे एकोणचाळीस. खुशालरावांनी सगळ्यांना एकशे चाळीस नोंदी सांगून ठेवल्या होत्या.

"बरं," ते म्हणाले. "मी पाहून घेतो."

रविवारी अमरावतीच्या मंडपात धर्मेंद्रनं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि तो तरातरा टेबलापाशी आला. "माह्या बहिणीचं नाव कुठं आहे? मी सोमवारी फोनवर सगळं सांगितलं होतं!"

खुशालराव उत्तमरावांकडे वळले. आजूबाजूची माणसंही वळली. त्यांत उत्तमरावांचे जुने विद्यार्थी होते, ज्यांचे पेपर त्यांनी एका अक्षरासाठी परत केले होते.

"माह्या हातून राहिलं," उत्तमराव म्हणाले.

"कॉम्प्युटरनं खाल्लं का?" कोणीतरी बाजू सावरायला विचारलं.

"नाही. कॉम्प्युटरचा काही दोष नाही. माहीच चूक."

"बत्तीस वर्षं टायपिंग शिकवलं तुमी," खुशालराव म्हणाले, "अन् एक नाव सांभाळता आलं नाही. पुढच्या साली प्रेसवाल्यालेच देऊ."

धर्मेंद्र बडबडत निघून गेला. उत्तमरावांचे कान तापले होते. त्यांना फार वाईट वाटलं. काम गेलं याचं वाटलं, आणि चार लोकांत नाव गेलं याचं त्याहून जास्त. त्यांनी पुस्तक पुढे ओढलं, प्रतीक्षाचं नाव जिथं आलं असतं ते पान काढलं, आणि सवयीप्रमाणे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तपासलं. एकही चूक नव्हती.