न जळणारा कागद

सकाळची पाळी सुटून दुपारची लागायची होती. लोखंड ओतायच्या कारखान्याच्या फाटकासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध टेबल, टेबलावर पेटता स्टोव्ह आणि स्टोव्हमागे थंडेमहाराज. हे नाव कारखान्यातल्या पोरांनीच ठेवलं होतं, आणि चेष्टेनं नव्हे, भक्तीनं.

महाराजांनी वहीचा एक कागद मागून घेतला, द्रोणासारखा दुमडला, त्यात पेलाभर पाणी ओतलं आणि चिमट्यानं जाळावर धरला. लोकांनी श्वास रोखला. जाळ कागदाला खालून चाटत होता, पण कागद पेटेना. बघता बघता पाण्याला बुडबुडे आले, वाफ निघाली, पाणी खळखळ उकळलं, आणि कागद आपला जागच्या जागी.

"हा कागद कोण?" महाराजांनी विचारलं.

मग स्वतःच उत्तर दिलं.

"हा कागद म्हणजे भट्टीसमोर उभा असलेला तुमचा देह. माझं नाव घेतलंत की अग्नी तुम्हाला ओळखतो. अट एकच. भोंग्यापासून भोंग्यापर्यंत पाण्याचा थेंब ओठाला लावायचा नाही. पाणी हा मोह. मोह सुटला की दाह सुटला."

कारखान्याचा मॅनेजर सगळ्यांत पुढे हात जोडून उभा होता. का नसेल? पिण्याचा नळ पार पलीकडच्या भिंतीला, माणूस पाणी प्यायला गेला की ओतकाम अडायचं. 'विनाकारण जागा सोडू नये' अशा पाट्या लावून जे साधलं नव्हतं, ते एका कागदानं पाच मिनिटांत साधलं.

गर्दीच्या शेवटी कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन थोरली उभी होती. कारखान्यातले जाडेभरडे कोट धुवायचं काम तिचं. आळीत तिला सगळे थोरलीच म्हणत, वयानं मोठे होते तेसुद्धा. ती नाकातल्या नाकात हसली. हा चमत्कार तिनं स्वतः कितीदा केला होता. धाकटा लेक अंगावर पीत होता तेव्हा घरात भांडं एकच, ते चुलीवर अडकलेलं. मग त्याला पुसायचं पाणी ती अशाच कागदात तापवून घ्यायची. आत पाणी आहे तोवर कागदाची जळायची बिशाद नसते. जाळाची सगळी धग पाणीच गिळतं. एका वाक्याचं काम होतं.

पण तिनं ते वाक्य गिळलं. कारण तोच धाकटा, आता याच भट्टीवर कामाला असलेला, पहिल्या रांगेत बायकोसह उभा होता, आणि दोन महिन्यांपूर्वी चार शब्द वाकडे गेले म्हणून वेगळं बिऱ्हाड करून बसला होता. त्यानं आपणहून उंबरा चढावा, मग तोंड उघडीन, असं थोरलीनं ठरवलं होतं. शेजारणीला मात्र म्हणाली, "पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतत बसणार? अनुभव आला की येतील शुद्धीवर."

लेक बोलत नव्हता तरी त्याचा कोट रोज बोलायचा. कोट दोन, एक अंगावर आणि एक धुण्यात; दोन्हींच्या कॉलरखाली तिनंच घातलेली आडवी टीप होती, त्यावरून ती ते ओळखायची. पहिल्या दिवशी पाठीवर मिठाच्या तीन पांढऱ्या रेघा होत्या. तिसऱ्या दिवशी एकच, दाट. सहाव्या दिवशी सकाळी आदल्या पाळीचा कोट हातात घेतला तर नुसता धुराचा वास. मीठ नाही, ओल नाही.

तेवढ्यात भट्टी सांभाळणारा फिटर स्वतःचा कोट न्यायला आला.

"काय रे, भट्टीसमोर उभं राहून माणसाला घाम येत नाही, असं होतं कधी?"

"होतं ना मावशी. अंगातलं पाणी संपलं की घाम कशाचा येणार? घाम वाळताना अंगातली धग घेऊन जातो. तो थांबला की धग आतच कोंडते." त्यानं कोटाकडे पाहिलं. "आमच्या भट्टीचंसुद्धा तसंच. तिच्या भोवती तांब्याची पोकळ नळी असते, तिच्यातून सारखं पाणी फिरतं. ते थांबलं तर घंटा वाजते आणि भट्टी आपोआप बंद होते. माणसाला कुठली आलीय घंटा... कोणाचा आहे कोट?"

ओल्या हातांनीच थोरली फाटकाकडे पळत सुटली आणि फिटर तिच्या मागे.

फाटकाशी पोचली तेव्हा धाकट्याला चौघांनी उचलून आणलं होतं. अंग लाल, तव्यासारखं तापलेलं आणि ठणठणीत कोरडं. तोंडानं काहीबाही बरळत होता. सुनेनं त्याला महाराजांच्या पायाशी ठेववलं होतं.

"हा चोरून पाणी प्यायलाय," महाराज म्हणाले.

"नाही हो महाराज. सहा दिवस कामावर थेंब नाही घेतला. डब्यासोबत पाणी देऊ नकोस अशी शपथ घातली होती यांनी मला."

"मग मनात प्यायला असेल."

थोरलीनं गर्दी कोपरानं फाडली. महाराजांचा त्या दिवसाचा पाणी भरलेला द्रोण अजून जाळावर चढायचा होता. तिनं तो उचलला आणि पाणी लेकाच्या छातीवर ओतलं. "कोट काढा त्याचा. सावलीत घ्या. फिटर, तुझ्या भट्टीच्या पाण्याची रबरी नळी ओढून आण. आणि तुम्ही सगळे हात जोडून काय उभे आहात? पुठ्ठे घ्या, वारा घाला. गाडी बोलवा कोणीतरी."

"बाई, इथे तमाशा नको," मॅनेजर म्हणाला.

"तमाशा सहा दिवस चाललाय. आता शेवट बघा." तिनं टेबलावरचा कोरा कागद दुमडला आणि तसाच कोरडा जाळावर धरला. कागद भसकन पेटला, तिची बोटं भाजली. "हा तुमचा देह. भोंग्यापासून भोंग्यापर्यंत कोरडा. काय हो महाराज, कागदाला मोह चालतो आणि माणसाला नाही?"

महाराजांनी स्टोव्ह विझवला. "श्रद्धा नसलेल्या हातात कागद जळणारच," म्हणाले, आणि पिशवी भरायला लागले. आणि जाताना त्यांच्या पाया पडणारे अर्धा डझन तरी निघाले.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जीव वाचला. मूत्रपिंडं मात्र फार बिघडलीत. यंत्रावर रक्त धुवून घ्यावं लागेल, किती दिवस ते सांगता येत नाही. भट्टीसमोर आता पुन्हा नाही. "दोन दिवस आधी आणलं असतं तर," म्हणाल्या आणि वाक्य अर्धंच सोडलं.

सून बाकावर बसली होती. म्हणाली, "आई, ते कागदाचं तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"हा अंगावर पीत होता तेव्हापासून."

"आणि पहिल्या दिवशी तुम्ही तिथे होतात. मी पाहिलं होतं तुम्हाला."

थोरली भाजलेली बोटं पदरात धरून बसून राहिली.

थंडेमहाराज अजून मोकळे आहेत. कुठल्यातरी दुसऱ्या फाटकासमोर स्टोव्ह मांडून बसले असतील. वहीचा कागद कुठेही मिळतो. म्हणून वाचणाऱ्यांनी एवढं करावं. मोठ्या माणसानं, जपून, तो प्रयोग घरी करून बघावा, पाणी घालून आणि पाण्यावाचून. मुलांनाही दाखवावा. उन्हात, धगीत काम करणाऱ्यानं तहान लागायची वाट न बघता पाणी प्यावं, आणि ते प्यायला कोणाची परवानगी मागू नये. आणि लबाडी ज्याला पहिल्यांदा कळेल त्यानं ती त्याच दिवशी, तिथल्या तिथे, मोठ्यानं सांगावी. समोरच्याशी अबोला असला तरी सांगावी. मागाहून सांगितलं तर लोकांना कळतं, पण लेकाची मूत्रपिंडं परत येत नाहीत.