घट्ट बांगड्या

देवासच्या कासार आळीत कुसुमावतीला सगळे हसत, आणि हसता हसता कामाला तिलाच बोलावत. हसायचं कारण असं, की ही बाई हातांशी बोलायची. स्वतःच्या नव्हे, समोर बसलेलीच्या हातांशी. एखादी नवी नवरी हात पुढे करून डोळे गच्च मिटून बसली, की ही तिच्या अंगठ्याखालचा उंचवटा चोळत त्या हाताला समजवायची, "ये रे बाबा, घाबरू नको. तुझ्याच मापाची आहे." जावा तोंडाला पदर लावत. नवरा भगवंत तर चारचौघांत म्हणे, "आमच्याशी बोलायला हिला फुरसत नाही, परक्या मनगटांशी मात्र तासन् तास गप्पा." ती ऐकून घेई आणि पुढची बांगडी उचली. तिच्या हातून काच क्वचितच फुटायची, आणि तोंडानं कितीही चिडवलं तरी आळीला ते ठाऊक होतं.

माहेर साताऱ्याकडचं. माळव्यात सून म्हणून आली तेव्हा इथली बोली ऐकून आठवडाभर गप्प बसली होती म्हणे. मग काय, बाजारात 'भिया, जरा सरको' म्हणण्यात तिच्याइतकी पटाईत कुणी उरली नाही.

त्या चैत्रात सासू यमुनाबाई आणि सासरे गणपत धारला गेले होते, गडावरच्या कालिकेच्या दर्शनाला. कालिका म्हणजे कासारांची देवी. वर्षातून एकदा तिच्या पायांवर डोकं ठेवल्याशिवाय यमुनाबाईंना चैन पडत नसे. दुकान, घर आणि सगळी गिऱ्हाइकं कुसुमावतीवर टाकून त्या गाडीत बसल्या, आणि दुसऱ्याच दिवशी भर दुपारी दत्तोपंत स्वतः दारात येऊन उभे राहिले.

देवासात राजगाद्या दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती; दत्तोपंत थोरल्या पातीच्या दरबारातले जुने कारकून. हा माणूस पागोट्याशिवाय कधी ओटीवरसुद्धा दिसायचा नाही, आणि आज उन्हात बोडक्या डोक्यानं आलेला.

"सासू कुठंय गं तुझी?"

"धारला गेल्यात काका. चार दिवस लागतील."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. तिच्याकडे, तिच्यामागच्या रिकाम्या घराकडे बघून ते म्हणाले, "मग तूच चल. बांगड्या काढायच्या आहेत."

काढायच्या. भरायच्या नव्हेत. कुसुमावतीनं पुढे काही विचारलं नाही. तेलाची बुधली, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, बारीक चिमटा आणि सगळ्यात मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्यांची माळ घेतली आणि निघाली.

वाटेत दत्तोपंतांनी तुटक तुटक सांगितलं. सून चारुलता, आठवा महिना. रात्रीतून अंग सुजलं, आणि दोन्ही हात तर असे फुगले की बांगड्या मांसात रुतल्या. दाई म्हणते फोडा. पलीकडच्या धाकट्या पातीतून वैद्यांना आणलं, तेही म्हणतात फोडा, दिवेलागणीपर्यंत बोटांत रक्त फिरलं नाही तर हात जाईल. पण दत्तोपंतांची बायको सावित्रीबाई, सारा गाव जिला माई म्हणतो, दार अडवून बसली होती. कारण मुलगा माधव उदयनगरच्या जंगलात लाकडाच्या कामावर गेलेला, तिथं त्याला हिवताप भरल्याची खबर एका गाडीवानानं आणली, आणि त्यानंतर काहीच नाही.

आता हे ज्याला कळत नाही त्याला काय सांगावं. नवरा जिवंत असताना बाईच्या हातातली बांगडी मुद्दाम फोडत नाहीत. कामाधामात आपसूक फुटली तर नवी भरायची आणि विसरायचं. पण कुणी बसून, हात धरून फोडायची, ती एकदाच. मुलगा तापानं फणफणलेला, जगला-वाचला ठाऊक नाही, आणि इथं त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडायच्या. माईंचा जीव कसा होत असेल ते आईलाच कळावं.

कुसुमावतीला मात्र वेगळीच टोचणी लागली होती. त्या बांगड्या तिनंच भरलेल्या होत्या, गरोदरपणातल्या चोळी-बांगडीच्या समारंभात. माळव्यातल्या आपल्या मराठी बायकांची एक खोड आहे, इकडच्या बायकांचे लाखेचे चुडे मनगटावर सरसर खालीवर होतात ते यांना गबाळं वाटतं. आपली बांगडी कशी, मनगटाला चिकटून बसलेली, हलणार नाही, वाजणार नाही. चारुलता तेव्हा म्हणाली होती, आणखी एक माप लहान बघ ना. आणि हिनंही कौतुकानं बघितलं. गरोदर बाईचे हात पुढे भरणार हे कासारणीला ठाऊक नाही म्हणायची सोय नव्हती.

माजघराच्या उंबऱ्यात माई बसल्या होत्या. धिप्पाड बाई, आवाजही तसाच. तिला बघून म्हणाल्या, "काढता येत असतील तर काढ. फोडायच्या असतील तर आल्या पावली परत जा."

"बघते, माई. आधी हात तर बघू द्या."

आत दाई चारुलताच्या पाठीशी बसून वारा घालत होती. ती हळूच म्हणाली, "आंगळी नीली पड गी, बेटा." खरंच पडली होती. बोटांची टोकं जांभळटलेली, आणि बांगड्या तर दिसतच नव्हत्या, नुसत्या हिरव्या रेघा. चारुलता रडून रडून थकलेली.

कुसुमावतीला भीती वाटली. यमुनाबाई इथं असत्या तर किती बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. पण नसलेल्या माणसाची वाट बघत बसायला वेळ कुणाला होता? ती मांडी घालून बसली, चारुलताचा उजवा हात मांडीवर घेतला आणि त्याच्याशी बोलायला लागली. "फार सोसलंस रे. आता थोडंच. तू फक्त सैल सोड, बाकी मी बघते." या वेळी कुणी हसलं नाही.

आधी तिनं दोन्ही कोपरांखाली हळदीचा दोरा बांधला, सवाष्णीचा हात मोकळा राहायला नको म्हणून. ते बघून माईंचा जीव जरा थाऱ्यावर आला. मग झोपाळ्याच्या कड्यांना लुगडं अडकवून दोन्ही हात उंच टांगले, रांजणातल्या गार पाण्याची फडकी गुंडाळली, आणि थांबली. दत्तोपंत बाहेर येरझारा घालत होते. माई दोनदा म्हणाल्या, "नुसतीच काय बसलीस?" ती म्हणाली, "बसणं हेच काम आहे, माई. सूज उतरू द्या." माईंना असं उत्तर देणारं त्या घरात कुणी नव्हतं.

मग तिनं पट्टी घेतली आणि बोटांच्या टोकांपासून मनगटाकडे घट्ट, सारखी, एकावर एक गुंडाळत आणली. सूज मागे सरकली. पट्टीवर तेल सोडलं, अंगठा तळहातात दुमडला, आणि पहिली बांगडी इकडून जराशी, तिकडून जराशी अशी हलवत, चारुलता कण्हली की थांबत, पुन्हा हलवत, हातावेगळी केली. अख्खी. ती तिनं सुपातल्या तांदळांवर ठेवली आणि तिला हात जोडले. "झाली बाई तुझी सेवा," असं म्हणाली. पुढच्या बांगडीला तेच, त्याच्या पुढच्या बांगडीलाही तेच. एवढ्या घाईत हे कशाला, असं कोपऱ्यात बसलेल्या वैद्यांना वाटलं असेल. पण प्रत्येक नमस्काराबरोबर तिचे स्वतःचे हात स्थिर होत होते. उजवा हात मोकळा झाला. डाव्याच्याही बांगड्या एकामागून एक सुपात आल्या, आणि माई उंबऱ्यावरून उठून जवळ येऊन बसल्या.

शेवटची राहिली. कुसुमावतीनं तिला नखानं टिचकी मारली. चांगली काच खण वाजते, ही बद्द वाजली. पुन्हा मारली, पुन्हा तसंच. सुजेच्या ताणानं बांगडीला आतल्या बाजूनं तडा गेला होता.

आता एक सोपी वाट होती, ती सांगायलाच हवी. बोटानं जरा दाब दिला की बांगडी गेली असती, आणि 'आपसूक फुटली हो' म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण असा दाब दिला तर काच मांसात जाणार. आणि दुसरं म्हणजे खोटं बोलून ती या घरातून बाहेर पडली असती, आणि तसं बाहेर पडायचं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं हात आवरला.

"माई, ही निघायची नाही. तडा गेलाय. ओढली तर काच आत घुसेल. खाली फडकं सरकवून चिमट्यानं फोडावी लागेल."

"नाही."

"बोटं बघा माई. उजव्याला रंग आला, डाव्याला आला नाही."

"नाही म्हटलं ना." माईंचा मोठा आवाज चिरकला. "माझं पोर तिकडे रानात पडलंय. मी त्याच्या बायकोची बांगडी फोडू देऊ?"

कुसुमावतीनं चिमटा हातात घेतला आणि शांतपणे म्हणाली, "मग मी माझ्या नावानं फोडते. बांगड्या घट्ट भरल्या त्याही मीच. यात काही वाईट लागायचं असेल, तर ते माझ्या कुंकवाला लागू दे."

दाईचा पंखा थांबला. बोलून गेल्यावर कुसुमावतीला भगवंत आठवला, सकाळीच आमटी खारट झाली म्हणून कुरकुरणारा. पण शब्द तिनं गिळला नाही.

माईंनी तिचा चिमट्याचा हात धरला.

"काय बोललीस ते कळतंय तुला?"

"कळतंय."

"लेकरू आहे?"

"एक मुलगी आहे."

"परत घे."

"माई..."

"परत घे म्हणते ना. देवीच्या टेकडीकडे तोंड कर, तिला सांग, बोलले ते माझं नाही." कुसुमावतीनं खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीकडे बघून हात जोडले आणि तसं म्हटलं. तेव्हा माईंनी हात पुढे केला. "आता तो चिमटा इकडे दे. दुसरीचं कुंकू पणाला लावून मला माझा लेक नको."

कुसुमावतीनं बांगडी आणि कातडीच्या मधे तेलाची पट्टी रेटून रेटून सरकवली, माईंच्या हातावर आपला हात ठेवला, आणि तड्याची जागा दाखवली. "इथं. हळू. आता दाबा." आवाज इतका बारीक झाला की बाहेर दत्तोपंतांना ऐकूसुद्धा गेला नाही. दोन तुकडे पट्टीवर पडले. रक्ताचा थेंब नाही.

मग हातात रक्त फिरायला लागलं, आणि त्या आगीनं चारुलता हमसून हमसून रडायला लागली. माईंनी तिला पोटाशी धरलं. "रड. दुखतंय म्हणजे हात आहे. खुशाल रड." आणि स्वतःही रडल्या, त्या बाईला रडताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

माधवची खबर पुढे आली आणि चांगली आली, हे इथंच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला राहतो. पण त्या संध्याकाळी यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना माईंनी तो चिमटा दाबला होता.

वैद्यांनी दोन्ही हात पाहून मान डोलावली. कुसुमावतीनं मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या माळेतून सोडवल्या, एकेका हातात दोन-दोनच भरल्या. त्या तेलाशिवाय गेल्या आणि मनगटावर खुळखुळल्या. चारुलता नाक पुसत त्यांच्याकडे बघून म्हणाली, "फार सैल दिसतात का गं?"

"दिसू देत वहिनी. बाळ झालं की मग मिरवा घट्ट." दाई खुदकन हसली आणि मग सगळ्याच हसल्या.

बांगड्या भरून झाल्या की भरणाऱ्या हातांना नमस्कार करायचा, अशी आपली रीत. चारुलताला वाकणं शक्यच नव्हतं. ती जागच्या जागी हात जोडायला गेली, तोवर माईच पुढे सरकल्या. जिच्यापुढे अर्धं देवास वाकायचं ती बाई आपल्या सुनेच्या वयाच्या कासारणीपुढे वाकलेली बघून कुसुमावती चपापली, हात मागे घ्यायला लागली.

"माई, हे काय, तुम्ही नका."

"सुनेच्या वाटणीचा करते आहे. गप बस," माई म्हणाल्या, आणि तिचे दोन्ही तेलकट हात धरून त्यांवर त्यांनी कपाळ टेकलं. बराच वेळ उचललं नाही.