भंगारवालीचा शिक्का

त्या संग्रहालयात वरच्या कपाटांमधले चार हजार शंख मेलेले होते आणि खालच्या हॉलमधल्या अकरा टाक्यांतले जिवंत. जिवंत तेवढे एका बाईंच्या ताब्यात. म्हणून त्यांना सगळे टाकीबाई म्हणत.

सातव्या टाकीत भंगारवाली राहायची. ही समुद्री गोगलगाय सापडेल ते उचलून आपल्या शंखाच्या काठाला चिकटवून घेते. खडे, शिंपल्यांचे तुकडे, मेलेल्या भाऊबंदांची रिकामी घरं. एक वस्तू बसवायला तिला तासभर लागतो. मग ती पक्की होईपर्यंत दहा तास जागची हलत नाही.

एका मंगळवारी हेडक्लार्क भाऊसाहेब टाक्यांच्या नोंदवहीवर शिक्का मारायला खाली आले. शिक्क्याची लाकडी मूठ केव्हाच निखळली होती. उरली होती मोठ्या बटणाएवढी पितळी चकती, ती ते चिमटीत धरून मारायचे. त्यांना शिंक आली आणि चकती सातव्या टाकीत गेली.

"थांबा, हात घालू नका. जाळी आणते," बाई म्हणाल्या. जाळी कुलुपात होती, किल्ली शिपायाकडे होती, शिपाई जेवायला गेला होता. जाळी आली तेव्हा भंगारवालीने चकती सोंडेने घासूनपुसून काठाला बसवली होती. अक्षरं बाहेरच्या बाजूला.

"या नेहमी आतली बाजू वर करूनच चिकटवतात," बाई म्हणाल्या.

"चला, मारायला तरी सोयीचं," भाऊसाहेब बोलून गेले आणि मग त्यांनी कपाळाला हात लावला.

संचालकसाहेबांना निवृत्त व्हायला आठ महिने होते. दुसऱ्या सकाळी, चकती पक्की बसल्यावर, त्यांनी खाली येऊन भंगारवालीकडे पाहिलं.

"तोडा."

"साहेब, काठ फुटेल, ती मरेल," बाई म्हणाल्या. "जिवंत नमुन्याला इजा करायची तर लेखी परवानगी लागते. शिक्क्यासहित."

"मग नवीन शिक्का मागवा."

"मागणीपत्रावर जुना शिक्का लागतो," भाऊसाहेब हळूच म्हणाले.

साहेब बाईंकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "टाकीबाई, तुमचे वडील बटणांच्या कारखान्यात होते ना?"

बाईंच्या वडिलांनी चाळीस वर्षं मोठमोठ्या शंखांतून बटणं कापली होती. निम्म्या शहराच्या सदऱ्यांची बटणं त्यांच्या हातची, असं ते सांगत. दुसऱ्या दिवशी ते कापडात गुंडाळलेली हत्यारं घेऊन आले. बाईंनी भंगारवाली त्यांच्या तळहातावर ठेवली. थोड्या वेळाने शंखाच्या तोंडावरचं झाकण बाजूला झालं, दोन शिंगं बाहेर आली आणि ओला पाय त्यांच्या अंगठ्यावर टेकला.

म्हातारबुवा दचकले. "पोरी, हे आतून हलतंय."

"बाबा, जिवंत आहे ती."

"आमच्याकडे यायचे ते उकडून, रिकामे करून. लाखांनी कापले असतील." त्यांनी हत्यारं पुन्हा गुंडाळली. "साहेब, मी यांची घरं कापली. पण घरात माणूस असताना नाही कापणार."

"माणूस?" साहेब म्हणाले. पण म्हातारबुवा तोवर जिना चढू लागले होते.

आता एकच उपाय उरला. भंगारवालीला समुद्राच्या पाण्याच्या वाडग्यात घेऊन, चकती तेवढी कोरडी टिपून, तिच्यावर कागद दाबायचा. शाईला मात्र बाईंनी ठाम नकार दिला. रासायनिक शाईने ती दगावली असती. नवव्या टाकीतल्या गोगलगायींना जरा डिवचलं की त्या दुधासारखा रस सोडतात. पूर्वी राजेलोकांची वस्त्रं त्यात रंगवायचे. बाईंनी तो वापरला. पहिला कागद होता नव्या शिक्क्याचं मागणीपत्र. शिक्का उमटला पिवळट. कागद खिडकीतल्या उन्हात धरला तर हिरवा झाला, मग निळा, आणि पंधरा मिनिटांनी झकास जांभळा.

साहेब खूश झाले. "राजेशाही दिसतोय हो!"

फक्त वास भयंकर. सडकी लसूण परवडली. वरिष्ठ कार्यालयाने कळवलं की आपली पत्रं पोचण्याआधी कळतात. तरी शिक्का अस्सल होता, त्यामुळे कोणाला काही बोलता येईना. अकरा ते एक ही शिक्क्याची वेळ ठरली, कारण एकनंतर भंगारवाली झाकण लावून घ्यायची. लोक कागद घेऊन सातव्या टाकीपुढे रांगेत उभे राहू लागले आणि वेळ जात नाही म्हणून पाट्या वाचू लागले.

"गोगलगायींच्या पूर्वजांचं अंग कोट्यवधी वर्षांपूर्वी असं पिळवटलं," बाई रांगेला समजावत, "की गुदद्वार डोक्यावर आलं. अजून बहुतेकींचं तिथेच असतं."

"आणि तरी कारभार चालला?" रांगेतल्या एकाने विचारलं.

"हजारो जाती झाल्या. कुणी शेवाळ खातं, कुणी विषारी दाताने मासा मारतं, कुणी ही अशी."

"आपल्याकडेही तसंच आहे," भाऊसाहेब कागद दाबत म्हणाले.

सहाव्या महिन्यात नवा शिक्का आला, मूठ असलेला. सोबत आदेश होता: जुना शिक्का नष्ट करावा. त्या संध्याकाळी घरी बाई जेवल्याच नाहीत. म्हातारबुवांनी ताट पुढे सरकवलं.

"नष्ट काय करायचंय? चकती की अक्षरं?"

"शिक्का म्हणजे अक्षरंच की."

"मग जेव."

सकाळी ते बारीक कानस आणि मऊ कापड घेऊन टाकीपाशी बसले. डाव्या हातात भंगारवाली, अर्धी पाण्यात. तिने जरा अंग आखडलं की ते थांबायचे, "झालं हं, झालं," असं म्हणायचे, ती सैलावली की पुन्हा दोन हात फिरवायचे. दुपारपर्यंत संग्रहालयाचं नाव गेलं, वर्तुळ गेलं. उरलं गुळगुळीत, झळझळीत पितळ. काठाचा टवकासुद्धा उडाला नव्हता. "चाळीस वर्षांतलं सगळ्यात अवघड बटण," ते म्हणाले आणि रुमालाने डोळे पुसू लागले. खाऱ्या पाण्याने चुरचुरतंय, असं त्यांनी मागाहून सांगितलं.

साहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागी नव्या बाईसाहेब आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मागच्या काळातली जांभळी पत्रं नाकाला पदर लावून चाळली आणि हे शिक्के कोणी मारले म्हणून विचारलं. भाऊसाहेबांनी त्यांना खाली नेलं. त्या काचेसमोर वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"सहा महिने रोज?" बाईसाहेबांनी विचारलं.

"रविवार सोडून."

"हिची रजा किती साठली आहे?"

भाऊसाहेब रजिस्टर आणायला धावले.