मागे लिहिलंय: सावनी, फोनवर

मित्रांनो, त्या रविवारीही अवधूतने फोन माझ्या कडेला टेकवून ठेवला, स्पीकर चालू केला आणि चष्मा पुसला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे, कॅरीतल्या घरात दुपारचा एक वाजला होता. त्याची मुलगी सावनी पश्चिम किनाऱ्यावर क्युपर्टिनोला राहते, तिच्याकडे अजून सकाळ होती. फोनमधून मिक्सर फिरल्याचा आवाज येत होता.

"सावनी, एक छोटं कार्ड आहे. वाचू?"

"बाबा, आज नको ना. उद्या प्रेझेंटेशन आहे, स्लाइड्स रेडी नाहीत. नेक्स्ट संडे, ओके?"

"अगं, चार ओळी आहेत."

"तुझ्या चार ओळी झाल्या की तू विचारतोस, पुढचं वाचू?"

तो हसला. "बरं बाई, नेक्स्ट संडे." ते कार्ड त्याने माझ्यात इतरांसारखं आडवं न ठेवता उभं खोचलं, म्हणजे त्याचं डोकं वर दिसत राहील. इथून पुढे वाचायचं, अशी त्याची ती खूण होती. मग तो भांडी लावायला गेला. बुधवारी सकाळी नेहमीसारखा फिरायला बाहेर पडला आणि परत आला नाही. त्याचं हृदय रस्त्यातच थांबलं, हे मला नंतर घरी जमलेल्यांच्या बोलण्यातून कळलं.

मी एक जुना लाकडी खण आहे. मेपलचा, हातभर लांब, पुढे पितळेची मूठ आणि तिच्यावर नावाची पट्टी सरकवायची चौकट. स्टेट कॉलेज नावाच्या गावी, विद्यापीठाच्या ग्रंथालयात, साठ खणांच्या कपाटात माझी जागा होती. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड आमच्या पोटात असे, आणि पुस्तक शोधणाऱ्याला आधी आमच्याकडे यावं लागे. किती बोटं माझ्यातून फिरली असतील, सांगता येत नाही. पुढे कॉम्प्युटर आले. एका मे महिन्यात आम्हाला मागच्या दाराशी रचून ठेवलं आणि हवा त्याने न्यावा, अशी चिठ्ठी लावली.

अवधूत तेव्हा कराडच्या कॉलेजातून शिकून आलेला विद्यार्थी होता. जुन्या विटा कशा भाजल्या जात, यावर त्याचं संशोधन चालू होतं. कॅम्पसच्या बसमध्ये त्याने मला मांडीवर घेतलं. ड्रायव्हरने विचारलं, आत काय आहे? "सध्या काही नाही," अवधूत गंभीरपणे म्हणाला.

त्याच्या अपार्टमेंटमध्ये चार मुलं राहत. पहिलं वर्षभर माझ्यात मसाल्याच्या पुड्या होत्या. माझ्या तळाला हिंगाचा वास आजही आहे.

मग त्याच्या प्रयोगशाळेत देव आला. देव राई, पूर्व नेपाळचा. "आम्ही किराती," तो म्हणाला. अवधूतला किरात म्हणजे कीर्तनात ऐकलेला रानातला शिकारी एवढंच ठाऊक. समोर चहा पीत बसलेला मित्र किरात असतो, त्याची भाषा असते, पितरांची गाणी असतात, हे कळल्यावर तो ओशाळला. त्या संध्याकाळी त्याने मला पुसून घेतलं आणि पहिलं कार्ड लिहिलं. पुढच्या बाजूला माहिती, मागच्या बाजूला ती कोणाकडून मिळाली ते. मागे लिहिलं होतं: देव राई, चहा पिताना. हा नियम त्याने शेवटपर्यंत मोडला नाही.

काही महिन्यांनी विटांविषयी वाचताना त्याला आर्मेनिया भेटला. सगळं दगडात बांधणारा देश, आणि तिथल्या जंगलात तेराव्या शतकातला एक मठ मात्र विटांचा. नाव किरांत्स. किराती आणि किरांत्स! अवधूतला वाटलं, यात काहीतरी आहे. मित्रांनो, चूक इथे झाली. दोन्हींची कार्डं त्याने माझ्यात एकाच विषयाखाली लावली.

देव पोट धरून हसला. "यार अवधूत, आमच्या घरात चुलीचे तीन दगड हेच देऊळ. एवढ्या लांब जाऊन विटा कोण रचत बसेल?"

अवधूतने तेही कार्डावर लिहून घेतलं.

पुढे नोकरी लागली, कॅरीत घर झालं, सावनी झाली, आणि मी गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्रामागे गेलो. तिथे माझी बरीच वर्षं गेली. सात वर्षांपूर्वी सावनीची आई, प्रतिमा, वारली. तोवर फोनवर बोलायचं काम तिचं होतं. ती गेल्यावर बापलेकीचं बोलणं हवा कशी आहे आणि गाडीचं सर्व्हिसिंग झालं का, एवढ्यावर तीन मिनिटांत संपू लागलं. तेव्हा अवधूतने मला घरात आणलं. दर रविवारी फोनवर तिला एक कार्ड वाचून दाखवायचं, असं त्याने ठरवलं.

सावनीचं वाचन दांडगं. "बाबा, नावं सारखी आहेत, दॅट्स ऑल. त्याच्यावरून माणसं रिलेटेड होत नाहीत."

"असं कसं म्हणतेस? थांब, पुढचं वाचू?"

त्याला हरवायला ती आठवडाभर वाचून येई. एकदा मात्र चिडून म्हणाली, "हे सगळं कोणासाठी लिहितोस तू? कोणी वाचणार आहे का?" तो "खरंय" म्हणाला आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ चष्मा पुसत राहिला. तिने नंतर त्याबद्दल सॉरी म्हटलं नाही. त्यानेही विषय काढला नाही.

परवा ती घर आवरायला आली. मदतीला मंडळातल्या गिरिजा काकू होत्या.

"हा खण कशाला ठेवतेस? मंडळाच्या सेलला देऊ. कोणीतरी मसाले ठेवेल."

"ठेवून झालेत काकू. वास घेऊन बघा."

मला रिकामा करायला तिने मूठभर कार्डं उचलून रद्दीच्या पिशवीत टाकली. काही जमिनीवर सांडली, पालथी पडली. ती गोळा करता करता तिचा हात थांबला. पेन्सिलीने लिहिलं होतं: सावनी, फोनवर. तिने पुढचं उलटलं. सावनी, फोनवर. मग ती खाली बसली आणि पिशवी रिकामी केली. सात वर्षांत तिने जे जे खोडून काढलं होतं, ते सगळं त्याने तिच्या नावाने नोंदवलं होतं. त्यातल्या एका जुन्या कार्डावर, पहिल्या वर्षाच्या, एकच ओळ होती: "किराती आणि किरांत्स या नावांचा एकमेकांशी संबंध नाही." मागे: सावनी, फोनवर. पटलं.

मला ते ठाऊक होतं. ते त्याने माझ्यासमोरच लिहिलं होतं. पुढच्या रविवारी त्याने तोच वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

"काय गं, काय लिहिलंय?" गिरिजा काकूंनी विचारलं.

"माझं नाव," सावनी म्हणाली.

काकू चहा टाकायला आत गेल्या.

मित्रांनो, जुन्या लाकडाला ओल लागू देऊ नका, पितळेला अधूनमधून चिंच लावा, एवढंच मी तुम्हाला सांगणार होतो. आता आणखी एक सांगतो. तुमच्या घरी कोणी चार ओळी वाचून दाखवायला बसलं, तर मिक्सर बंद करा.

सावनीने ते उभं कार्ड बाहेर काढलं. बाबाचं अक्षर तिला भरभर वाचता येत नाही. अडखळत, मोठ्याने तिने वाचलं: "किरांत्सच्या मठाभोवती आता दाट झाडी आहे. आतल्या भिंतींवरची चित्रं पुसट झाली आहेत. पण जवळ गेलं की अजून दिसतात."

तिने कार्ड उलटलं. मागची बाजू कोरी होती.

ते तिने परत माझ्यात उभं ठेवलं, होतं तिथेच. त्याच्यामागे नुसतीच कोरी कार्डं होती. तिने खिशातून फोन काढला, बंद केला, माझ्या कडेला टेकवून ठेवला आणि म्हणाली,

"वाच, बाबा. पुढचं वाच."