सशांचा वाटा

सकाळी मागच्या फाटकाचे कुलूप काढून ते नळाच्या पाइपला अडकवायचे, पत्र्याच्या खोलीतला वजनकाटा बाहेर आणून फरशीच्या सपाट तुकड्यावर ठेवायचा, त्यावर रिकामे घमेले ठेवून आकडा शून्यावर आणायचा, आणि मग वाफ्यांमधल्या वाटेने एकदा शेवटपर्यंत चालून यायचे, असा तिचा क्रम ठरलेला होता. चालताना ती हातात काही घेत नसे. कुठल्या पानाची अळीने जाळी केली आहे, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचले आहे, कुणाचे मांजर ताज्या मातीत लोळून गेले आहे, हे नुसत्या डोळ्यांनी पाहून घ्यायचे. तोवर वसतिगृहाच्या खिडक्यांतले गजर वाजून वाजून थकत, आणि एकेक जण डोळे चोळत येई. कुणी झारी उचले, कुणी खुरपे, तर कुणी कट्ट्यावर बसून दुसऱ्यांना शहाणपण शिकवी.

विद्यापीठाच्या इमारतींमागच्या पडीक तुकड्यावर विद्यार्थ्यांनी उभी केलेली ही शेती होती. तिचे नियम दोनच. जे पिकेल ते तोलून वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या ‘खुल्या कपाटा’त ठेवायचे, ज्या विद्यार्थ्याला जेवणाची ओढाताण असेल त्याने तिथून, कुणाला न विचारता, हवी ती भाजी न्यावी. आणि जे कपाटात ठेवण्याजोगे नसेल, म्हणजे पाला, मुळ्या, तण, ते तोलून त्याच वाफ्याच्या खतात परत घालायचे. बाहेरून ओंजळभरही खत न आणता जमीन किती काळ कसदार राहते, हे पाहायचे होते. तिचा प्रबंध याच प्रश्नावर होता. ती सगळेच तोलत असे, म्हणून तिचे नाव ‘तराजू’ पडले होते.

विरळणीचे काम काकांचे. काका खरे तर कुणाचेच काका नव्हते. पण बाकीच्यांना मिसरूडही फुटले नव्हते तेव्हा ते एका गोदामात नोकरीला लागले होते, आणि पदवी घ्यायला पुष्कळ उशिरा आले होते. दाट उगवलेल्या रोपांतली कुठली ठेवायची आणि कुठली उपटायची, हे ते फार शांतपणे ठरवीत. उपटलेली बीटची, पालकाची, मुळ्याची कोवळी रोपे मुळांची माती झटकून ते एका कापडी पिशवीत भरत. घरी ससे पाळले आहेत, त्यांच्यासाठी. पहिल्यांदा त्यांनी विचारले तेव्हा तिने सहज “न्या की, काका” म्हटले होते. ओंजळभर पाल्याने काय बिघडणार, असे तिला वाटले होते.

“काका, ससे काय म्हणतात?” झारी घेतलेल्या मुलाने त्या सकाळी विचारले. त्याचे तोंड बंद होत नसे, म्हणून त्याला ‘रेडिओ’ म्हणत.

“म्हणतात, मुळा जरा कोवळा आणा. दात नाजूक आहेत.”

“फारच लाडावून ठेवलेत हो! नावं काय ठेवलीत त्यांची?”

“एकाचं रेडिओ. दिवसभर तोंड चालू असतं त्याचं.”

सगळे हसले. काकाही हसले, आणि पिशवीचे तोंड बांधून वर्गाकडे गेले.

त्याच दिवशी दुपारी प्रबंधाचे मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी तिला बोलावून घेतले. तिने दिलेले आकडे त्यांच्यासमोर होते. “बीटच्या वाफ्यात काहीतरी गडबड आहे,” ते म्हणाले. “ओळी नको तितक्या विरळ झाल्यात, आणि खतात परत गेलेला पाला फारच कमी दिसतोय. उरलेला पाला गेला कुठे?”

तिने सशांचे सांगितले.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ससे? बरं. मग ते किती खातात ते मोजून ये. अंदाज बसला तर आकडा दुरुस्त करता येईल. नाहीतर हा वाफा हातचा गेला.”

काका दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही दिवशी आले नाहीत. ताप आला आहे, असे कळले. तेव्हा संध्याकाळी तिने हाताने धरायचा छोटा काटा पिशवीत टाकला, सशांना तोलायला उपयोगी पडेल म्हणून एक कापडी झोळी घेतली, आणि ती त्यांच्या घरी गेली.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, लोखंडी जिन्याने चढून गेल्यावर, एकच खोली होती. दार काकांच्या आईने उघडले. काका भिंतीकडे तोंड करून झोपले होते. खिडकीत वाळत घातलेले कपडे, दोरीने बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा, शेगडीवर झाकलेले पातेले. एवढ्यात खोली संपत होती.

“ये बाळ, बस. आत्ताच डोळा लागलाय त्याचा,” आई हळू आवाजात म्हणाल्या.

“मावशी, मी सशांसाठी आले होते.”

“कुणासाठी?”

“ससे. काकांनी पाळलेत ना?”

मावशींनी तोंडाला पदर लावून हसू दाबले. “अगं, आमची घरमालकीण भिंतीला खिळा ठोकू देत नाही, ती ससे पाळू देईल होय? तुला कुणीतरी बनवलंय बघ.” आणि हसता हसताच त्यांनी ताटलीत भात वाढला, त्यावर पातेल्यातली भाजी घातली. “घे. नाही म्हणू नकोस. माझ्या लेकाच्याच शेतातली आहे.”

भाजीत बीटची कोवळी लालसर देठे होती, मुळ्याची बोटाएवढी रोपे होती, पालकाची बाळपाने होती. यातले प्रत्येक पान तिच्या ओळखीचे होते. तिने पहिला घास घेतला, आणि दुसरा घेण्याआधी ती ताटलीतले एकेक देठ बोटाने बाजूला करून पाहू लागली.

“मीठ कमी आहे का?”

“नाही मावशी. छान झालीय.”

“रोज नवीन काय करू, असं होतं मला. पण तो आवडीनं खातो. कामाचा वाटा म्हणून देता ना तुम्ही लोक! नुसतं दिलं असतं तर त्यानं हात लावला नसता. लहानपणापासून असाच. शेजारणीनं खाऊ दिला तर आधी तिचं अंगण झाडून यायचा.”

वाचनालयातल्या कपाटावरची पाटी काकांनीच रंगवली होती. ‘भूक लागणे यात लाज कसली?’ अशी ठसठशीत अक्षरे. एखादा नवा मुलगा कपाटाजवळ घुटमळताना दिसला, की काका त्याच्याशी भलत्याच विषयावर गप्पा मारत, बोलता बोलता त्याच्या हातात पालकाची जुडी ठेवत. इतक्या महिन्यांत त्यांनी स्वतः त्या कपाटातले काही घेतल्याचे तिला आठवेना. आणि हे आपल्या लक्षातही आले नव्हते, हे तिला आता कळले.

काका कुशीवर वळले. त्यांनी तिला पाहिले, मग ताटली पाहिली, मग तिच्या पिशवीतून डोकावणारा काटा पाहिला.

“तराजू? तू कधी आलीस?”

“आत्ताच. ताप बघायला.”

“काहीतरी सशांचं विचारत होती रे,” मावशी म्हणाल्या.

काका उठून बसले. काही बोलण्यासाठी त्यांनी ओठ उघडले.

“ते दुसऱ्याच एकाचे ससे, मावशी,” ती म्हणाली. “माझाच घोळ झाला. पत्ता लक्षात ठेवण्यात मी पहिल्यापासून ढ आहे.” आणि तिने ताटली पुढे केली. “थोडी भाजी वाढता?”

काकांनी मान खाली घातली. मावशी मात्र खूश होऊन पातेले घेऊन आल्या.

परतताना तिला वाटेत दोनतीनदा थांबावेसे वाटले. कपाटातले घ्या, असे काकांना सांगितले तर ते मान हलवतील, आणि उद्यापासून विरळणीलाही येणार नाहीत. काहीच बोलले नाही, तर ते ओशाळून आपणच नेणे बंद करतील, आणि मावशींना काहीतरी नवी थाप मारतील. आणि सरांना एखादा बनावट आकडा देणे तिच्याच्याने होणार नव्हते.

सकाळी ती सरांकडे गेली. “सर, बीटचा वाफा मी मोजणीतून काढून टाकते.”

“अख्ख्या हंगामाची मेहनत आहे. सशांचं खाणं मोजता नाही आलं?”

“नाही, सर. विरळणी न तोलता बाहेर जाऊ दिली ती मी. चूक माझ्याकडूनच झालीय. पुढच्या हंगामात तो वाफा पुन्हा घेते.”

“म्हणजे प्रबंधही लांबणार.” सरांनी बीटच्या आकड्यांवर रेघ मारली. “ठीक आहे. पण यापुढे मोजणीतल्या वाफ्यांतून एक पानही बाहेर जाता कामा नये.”

“मोजणीतल्या नाही जाणार. कडेच्या ओळींचं काय, सर?”

“त्या आपण धरतो कुठे? कडेच्या रोपांना ऊन जास्त, वारा जास्त. त्यांचा हिशेब खरा नसतो. त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.”

काका परत आले तेव्हा त्यांची गालफडे बसलेली होती, आणि हातात पिशवी नव्हती. ते आले त्याच सकाळी तिने सगळ्यांना कट्ट्यापाशी बोलावले.

“नवीन नियम,” ती म्हणाली. “आतल्या ओळींतलं सगळं पहिल्यासारखं तोलायचं. कडेच्या ओळींची विरळणी जो करील, त्याची ती. कामाचा वाटा.”

“मग मलाही वाटा?” रेडिओने विचारले.

“कर विरळणी, मिळेल.”

“त्यात कमरेतून वाकावं लागतं. माझी झारीच बरी.”

काका खाली मातीकडे पाहत होते. मग ते म्हणाले, “कडेच्या ओळी मी बघतो. वाकायची सवय आहे.”

“तुमच्याकडेच राहू दे मग,” ती म्हणाली, आणि रेडिओवर ओरडली, की झारी वाफ्यात घाल, बुटांवर नको.

त्या दिवशी बीटच्या पुढच्या हंगामाची पेरणी होती. बीटचे एक बी म्हणजे खरे तर दोनतीन बियांची गाठ असते. कितीही जपून पेरले तरी रोपे दाटीनेच उगवतात. मुलांनी मापाने बी टाकले, ओळी झाकल्या, हात धुतले आणि तासाची घंटा होताच सगळी पळाली. काकाही गेले.

ती मागे राहिली. कडेच्या ओळीपाशी उकिडवी बसली, बोटाने झाकलेली माती बाजूला सारली, आणि आधीच्या बियांमधल्या मोकळ्या जागांत पुन्हा बी टाकत सरकत गेली. एका कडेचे झाले, मग दुसऱ्या कडेचे. मग तिने दोन्ही ओळींवर हलक्या हाताने माती ओढली, आणि झारी भरायला नळाकडे गेली.