पायाखालचा पुठ्ठा

अरे अरे, बेतानं बस! मी डुगडुग्या स्टूल बोलतोय, टिटवाळ्याकडच्या एका पोलीस चौकीतला.

मला मोहने गावच्या शिवराम सुतारानं बनवलं. चौथा पाय कापताना चहा आला, आणि पाय झाला बोटभर आखूड. शिवराम म्हणाला, "जाऊ दे, पोलिसांनाच बसायचंय."

मग काय, माझी मज्जाच! कोणी नवीन बदलून आला की आमचे रोनाल्ड हवालदार गोड आवाजात म्हणायचे, "बस ना बाळा, दमला असशील." तो टेकला की मी डुगकन कलायचो. धप्प! अख्खी चौकी खो खो हसायची, आणि पडलेलाच सगळ्यांना चहा सांगायचा. आमचा शिपाई रत्नदीप तर पहिल्याच दिवशी दोनदा पडलेला. हसून हसून त्याच्याच डोळ्यांतून पाणी.

काय दिवस होते रे ते!

रोनाल्ड रिटायर झाले. माणसं कमी, बंदोबस्त जास्त. सणाला रस्त्यावर, सभेला रस्त्यावर. रत्नदीपला सुट्टी मिळाली की फोन यायचा, सुट्टी रद्द. घरून पायल विचारायची, "पप्पा, आज तरी येणार?" हा हसणंच विसरला. एकदा माझ्यावर खेकसला, "तुझी पण कटकट!" आणि पुठ्ठा दुमडून माझ्या आखूड पायाखाली सारला. माझी बोलतीच बंद.

परवा जाईबाई आल्या. बकरी हरवलेली. म्हातारीनं दुसऱ्यांदा विचारलं, तर रत्नदीपनं तिच्यावर लाठी उगारली! मग स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला. लाठी निसटली, पुठ्ठ्याला लागली, पुठ्ठा सरकला. तो मटकन माझ्यावर बसला.

मी सोडतोय होय? डुगकन!

रत्नदीप फरशीवर. कोणीच हसेना. मग तोच हसला, आणि हसता हसता ढसाढसा रडला. "मॅडम, झोपच नाही ओ येत मला."

चौकीच्या इन्चार्ज हेमांगी मॅडम त्याच्या शेजारी फरशीवरच बसल्या. "घरी जा. सुट्टीचं मी बघते. फोन उचलू नकोस, माझा पण नाही."

जाईबाई म्हणाल्या, "जा रं बाला. बकरी येल तिची ती."

त्या पडण्यात माझा तो आखूड पाय मोडला. मला मागं टाकलं, जप्त केलेल्या रिक्षांत. वाटलं, संपलो.

आज रत्नदीप परत आला. दाढी केलेली, डोळे जरा निवलेले. मला शोधून काढलं, नवा पाय ठोकला. मी मनात म्हणतोय, बाबा रे, सरळ नको करूस मला, पुठ्ठा पण नको.

त्यानं मला आत आणून ठेवलं, हातानं पुसलं. आणि काय गोड आवाज काढलाय बघ!

"बसा ना मॅडम, दमला असाल."